मागचे धूसर, पुढचे स्पष्ट

(लहान कॅमेऱ्याने स्वतःचे छायाचित्र काढताना मागचा देखावा धूसर कसा करता येतो, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे. पाठ वाचताना एक टाचणी, जाड कागदाचा तुकडा व मोजपट्टी जवळ ठेवावी.)

एखाद्या लग्नसमारंभातील छायाचित्रांचा संग्रह चाळू लागलो, म्हणजे दोन प्रकारची छायाचित्रे आपल्या दृष्टीस पडतात. काहींत वधूच्या चेहऱ्याबरोबर मागच्या खुर्च्या, भिंतीवरची दिनदर्शिका, दोरीवरचे कपडे, मध्येच डोकावणारा एखादा मुलगा, हे सगळे सारख्याच स्पष्टपणे उमटलेले असते. दुसऱ्या काही छायाचित्रांत मात्र चेहरा तेवढा रेखीव असून त्याच्या मागे हिरव्या-पिवळ्या रंगांचा एक मऊ पडदा पसरल्यासारखा दिसतो. त्या ठिकाणीही झाडे, दिवे व माणसे होतीच. परंतु त्यांच्या कडा जणू विरघळून गेलेल्या असतात. पहिल्या चित्रात आपली नजर भिरभिरत राहते. दुसऱ्यात ती सरळ चेहऱ्यावर जाऊन स्थिरावते.

असे एखादे छायाचित्र आपलेही असावे, असे पुष्कळ मुलांना वाटते. घरात खिशात मावेल असा लहानसा कॅमेरा असतो. मुले तो हातात धरून स्वतःकडे वळवतात, बटण दाबतात, आणि पाहतात तो काय? चेहऱ्याइतकीच मागची भिंत, तिच्यावरची खुंटी आणि खुंटीवरची छत्रीही स्पष्ट! मग 'आमचा कॅमेराच साधा, त्याला हे कोठून जमणार?' असे म्हणून ती तो ठेवून देतात. ह्या म्हणण्यात तथ्य आहे, पण थोडेच. लहान कॅमेऱ्याची शक्ती मर्यादित असते हे खरे. परंतु ती मर्यादा कोठे आहे व कशामुळे आहे हे ज्याला उमगले, तो त्या मर्यादेत राहूनही पुष्कळ काही साधू शकतो. ते कसे, हे आपण क्रमाक्रमाने पाहू.

प्रथम एक सोपा प्रयोग करा. ऊन पडलेले एखादे झाड दिसेल अशा खिडकीपाशी उभे राहा. डावा डोळा मिटा. अंगठा उजव्या डोळ्यासमोर एक वीत अंतरावर धरा आणि त्याच्या नखाकडे टक लावून पाहा. नखावरील बारीक रेघाही दिसतील. पण त्याच वेळी झाड अस्पष्ट भासेल. आता अंगठा न हलवता झाडाकडे पाहा. झाड स्पष्ट होईल आणि नख धूसर होईल. दोन्ही एकाच वेळी सारखी स्पष्ट पाहण्याचा कितीही यत्न केला, तरी तो सफल होत नाही. याचे कारण असे, की आपल्या डोळ्यातील बहिर्गोल भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तूची रेखीव प्रतिमा पाडू शकते. जवळचे पाहताना ते अधिक फुगीर होते. दूरचे पाहताना चपटे होते. कॅमेऱ्यातील भिंगे अशी फुगत वा चपटी होत नाहीत. ती पुढेमागे सरकतात. भिंगे अशी सरकवून हव्या त्या अंतरावरची वस्तू स्पष्ट करून घेणे, यालाच फोकस करणे असे म्हणतात.

तेव्हा धूसरता हा कॅमेऱ्याचा दोष आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपला स्वतःचा डोळाही क्षणोक्षणी एक वस्तू निवडतो आणि बाकीच्या मागे टाकतो. इंग्लंडमधील पीटर हेन्री इमर्सन या छायाचित्रकाराने १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात हाच विचार मांडला होता. चित्रातील मुख्य वस्तू स्पष्ट असावी व बाकीचे किंचित मृदू असावे, कारण मनुष्य असेच पाहतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

मग लहान कॅमेऱ्यात मागची भिंत स्पष्ट का येते? याचे उत्तर दुसऱ्या प्रयोगात आहे. जाड कागदाला टाचणीने एक बारीक भोक पाडा. ते भोक डोळ्याला अगदी लावून पुन्हा त्या नखाकडे पाहा. सगळे दृश्य थोडे काळोखे होईल. पण मागचे झाड आता पहिल्यापेक्षा किती तरी स्पष्ट दिसेल! डोळा तोच, अंगठा तोच, झाडही तेच. बदलली ती एकच गोष्ट: प्रकाश आत येण्याची वाट अरुंद झाली. वाट अरुंद केली म्हणजे धूसरता कमी होते. ती रुंद केली म्हणजे धूसरता वाढते. ह्या पाठातील सर्व युक्त्यांचे मूळ ह्या एका वाक्यात आहे.

आता कॅमेऱ्याची ही वाट किती रुंद असते ते पाहू. भिंगाच्या सभोवतालच्या कड्यावर काही आकडे कोरलेले असतात. समजा, तेथे '५.०–२०.० मि.मी., १:२.८–५.९' असे लिहिले आहे. त्यांपैकी ५ व २० हे भिंगाचे नाभीय अंतर होय. देखावा विस्तृत घेतला असता ते ५ मिलिमीटर असते आणि झूम करून दूरचे जवळ आणले असता २० मिलिमीटर होते. पुढच्या दोन आकड्यांनी त्या अंतरास भागले, की प्रकाशाच्या छिद्राची रुंदी मिळते. ५ ला २.८ ने भागा: सुमारे १.८ मिलिमीटर. २० ला ५.९ ने भागा: सुमारे ३.४ मिलिमीटर. म्हणजे आपल्या लहान कॅमेऱ्याचे छिद्र फार तर मसुराच्या दाण्याएवढे असते. याउलट मोठ्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग लावले आणि आकडा २ ठेवला, तर छिद्र २५ मिलिमीटरचे, म्हणजे जवळजवळ नाण्याएवढे होते. धूसरतेच्या बाबतीत मोठा कॅमेरा श्रीमंत व लहान कॅमेरा गरीब का, हे यावरून ध्यानी येईल.

ह्या छिद्राचा आणि धूसरतेचा हिशेब समजण्यासाठी एक नरसाळे डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कॅमेऱ्यासमोर उभे आहात आणि तुमच्या मागे दूरवर झाडाचे एक पान आहे. त्या पानावरील एका बिंदूपासून निघालेले प्रकाशकिरण कॅमेऱ्याच्या संपूर्ण छिद्रात शिरतात. म्हणजे किरणांचे एक लांबच लांब नरसाळे तयार होते. त्याचे टोक पानाशी आणि तोंड कॅमेऱ्याच्या छिद्राशी. कॅमेरा तुमच्या चेहऱ्यावर फोकस केलेला आहे. चेहऱ्याच्या रेषेत हे नरसाळे आडवे कापले, तर तेथे जेवढे वर्तुळ मिळेल, तेवढ्या मोठ्या ठिपक्याच्या रूपाने तो बिंदू छायाचित्रात उमटतो. ठिपका लहान असला, तर पान ओळखू येते. ठिपका मोठा असला, तर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांवर पसरतात आणि पान रंगात मिसळून जाते. भूमितीतील समरूप त्रिकोणांवरून ह्या ठिपक्याचा नियम असा निघतो: मागच्या वस्तूचे चेहऱ्यापासूनचे अंतर घ्या, त्याला त्याच वस्तूच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतराने भागा आणि आलेल्या अपूर्णांकाने छिद्राच्या रुंदीला गुणा.

आता हा नियम वापरून पाहू. आपल्या छायाचित्रात डोके व खांदे एवढाच भाग यावा, म्हणजे चौकटीत सुमारे अर्धा मीटर रुंदीची जागा मावावी, अशी इच्छा आहे. वर सांगितलेल्या प्रकारच्या कॅमेऱ्यात ते दोन रीतींनी साधते. पहिली रीत म्हणजे झूम न करता कॅमेरा चेहऱ्यापासून ४० सेंटिमीटरांवर धरणे. दुसरी रीत म्हणजे पूर्ण झूम करून कॅमेरा १६० सेंटिमीटरांवर ठेवणे. दोहोंत चेहरा सारखाच मोठा येतो. मग धूसरता कोणत्या रीतीने अधिक मिळेल?

समजा, तुमच्या पाठीमागे ४० सेंटिमीटरांवर भिंत आहे. पहिल्या रीतीत भिंत कॅमेऱ्यापासून ८० सेंटिमीटरांवर येते. ४० भागिले ८० म्हणजे अर्धा. म्हणून ठिपका १.८ च्या निम्मा, ०.९ मिलिमीटर. दुसऱ्या रीतीत भिंत २०० सेंटिमीटरांवर येते. ४० भागिले २०० म्हणजे एक पंचमांश. म्हणून ठिपका ३.४ चा पाचवा हिस्सा, सुमारे ०.७ मिलिमीटर. म्हणजे झूम करूनही धूसरता वाढली तर नाहीच, उलट थोडी घटली! भिंतीला टेकून बसून झूमचे बटण दाबत राहणाऱ्यांची निराशा का होते, ते ह्या गणितावरून कळते.

आता घराबाहेर या. तुमच्या मागे २० मीटरपर्यंत मोकळे मैदान असून त्यापलीकडे झाडे आहेत. पहिल्या रीतीत ठिपका पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास येतो. दुसऱ्या रीतीत तो तीन मिलिमीटरांहून मोठा होतो. शिवाय आणखी एक लाभ होतो. पहिल्या रीतीत झाडांच्या रांगेचा सुमारे २५ मीटर रुंद पट्टा चित्रात घुसतो आणि त्याबरोबर विजेचे खांब, फलक व येणारेजाणारेही घुसतात. दुसऱ्या रीतीत जेमतेम ७ मीटरांचा पट्टा येतो. तेव्हा नको ते वगळून एखादे हिरवेगार झाडच नेमके पाठीशी घेता येते. हिशेब करून पाहिल्यास, मागची वस्तू सुमारे एक मीटरच्या आत असेल तर जवळ जाणे बरे आणि त्याहून दूर असेल तर झूम करणे बरे, असे ह्या कॅमेऱ्यापुरते अनुमान निघते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कॅमेऱ्यात दोन प्रकारचे झूम असतात. एकात भिंगे खरोखर सरकतात व छिद्र मोठे होते. दुसऱ्यात, म्हणजे डिजिटल झूममध्ये, तयार चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केला जातो. त्याने छिद्र तसूभरही वाढत नाही. केवळ चित्राचा दर्जा उतरतो. म्हणून ते बंद ठेवावे.

दूर राहून छायाचित्र काढण्यात चेहऱ्याचेही हित आहे. आपले नाक कानांपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर पुढे असते असे धरा. कॅमेरा नाकापासून ४० सेंटिमीटरांवर असेल, तर कान ५० सेंटिमीटरांवर पडतात. त्यामुळे कानांच्या मानाने नाक सव्वापट मोठे उमटते. कॅमेरा १६० सेंटिमीटरांवर ठेवला, तर हा फरक केवळ सोळाव्या हिश्शाएवढा उरतो. हात लांब करून काढलेल्या छायाचित्रात आपले नाक आपल्यालाच परके वाटते, त्याचे कारण हेच होय. तेथे दोष नाकाचा नसून अंतराचा असतो.

छिद्र मोठ्यात मोठे राहावे यासाठी कॅमेऱ्याला तशी सूचनाही द्यावी लागते. काही कॅमेऱ्यांच्या चक्रीवर 'ए' किंवा 'एव्ही' अशी खूण असते. ती निवडून छिद्राचा आकडा लहानात लहान ठेवावा. आकडा लहान म्हणजे छिद्र मोठे, हे विसरू नये. ती सोय नसल्यास माणसाच्या मस्तकाची आकृती असलेली खूण निवडावी. फुलाची खूण मात्र फार जवळच्या वस्तूंसाठी असते. वेळ शक्यतो सकाळची किंवा उतरत्या उन्हाची असावी आणि आपण स्वतः सावलीत उभे राहावे. भर दुपारच्या उन्हात डोळे मिटतात, नाकाखाली काळी सावली पडते आणि बहुधा कॅमेराही आपले छिद्र लहान करतो.

पार्श्वभूमी निवडतानाही विचार हवा. मोठे अक्षर, खिडकीची जाळी किंवा उभे पट्टे सहजासहजी विरघळत नाहीत. बारीक पानांची दूरची झाडी, गवताचे माळरान, पिकाचे शेत ही लवकर विरघळतात. पानांच्या फटींतून चमकणारे ऊन किंवा रात्री दूरवर लुकलुकणारे दिवे यांची तर प्रकाशाची गोल गोल वर्तुळे होतात. ही वर्तुळे म्हणजे कॅमेऱ्याच्या छिद्राचाच आकार होय. छिद्र षट्कोनी असेल, तर तीही षट्कोनी दिसतात. जपानी लोक ह्या धूसरतेला 'बोके' म्हणतात आणि आता जगभरचे छायाचित्रकार तोच शब्द वापरतात. आपल्या गल्लीतील बोक्यांशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगणे नलगे!

येथवर सांगितलेले कोणाचेही छायाचित्र काढताना उपयोगी पडेल. परंतु स्वतःचे छायाचित्र काढताना एक निराळीच अडचण उभी राहते. कॅमेऱ्यामागेही आपण आणि पुढेही आपणच, हे एकाच वेळी कसे शक्य व्हावे? ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात दिव्यांचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबातील रॉबर्ट कॉर्नेलियस नावाचा तरुण राहत असे. छायाचित्रणाची दागेरची रीत १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि त्याच वर्षी कॉर्नेलियसने दुकानामागच्या अंगणात कॅमेरा मांडून स्वतःचे छायाचित्र काढले. त्या काळी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटण्यास बराच वेळ लागे. तेवढा वेळ त्याला स्तब्ध राहावे लागले. चित्रात तो चौकटीच्या मधोमध नाही, किंचित बाजूला आहे, आणि केसही विस्कटलेले आहेत. आपण चौकटीत नेमके कोठे आहोत हे पाहण्यास कॅमेऱ्यामागे कोणी असते, तर कदाचित तो मधोमध आला असता. स्वतः काढलेल्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्याची गणना होते व ते आज वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयात जतन केलेले आहे. आपल्या देशातही चित्रकार अमृता शेरगिल यांचे वडील उमरावसिंग शेरगिल (१८७०–१९५४) यांनी अनेक वर्षे स्वतःची छायाचित्रे मोठ्या आवडीने काढली.

आजच्या कॅमेऱ्यात सेल्फ-टायमरची सोय असते. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी छायाचित्र निघते. त्या अवधीत आपण जाऊन उभे राहतो. पण येथेच पुष्कळांची फसगत होते. अनेक कॅमेरे बटण दाबताक्षणीच फोकस करून मोकळे होतात. त्या वेळी समोर कोणीच नसते. साहजिकच कॅमेरा मागच्या झाडांवर फोकस करतो आणि चित्र अगदी उलटे निघते: झाडे रेखीव व आपण धूसर!

यावर उपाय असा. कॅमेरा तिवईवर किंवा स्टुलावर पुस्तके रचून आपल्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. एका सुतळीला १६० सेंटिमीटरांवर गाठ मारा. सुतळीचे टोक कॅमेऱ्यापाशी धरून गाठ जेथे येईल तेथे मातीच्या कुंडीत एक काठी रोवा. काठीच्या वरच्या टोकाला, चेहऱ्याच्या उंचीवर, वर्तमानपत्राची घडी बांधा. काळ्या-पांढऱ्या छापील अक्षरांवर कॅमेऱ्याला फोकस करणे सोपे जाते. आता पूर्ण झूम करा, घडी चौकटीच्या मधोमध आणा, सेल्फ-टायमर लावा व बटण प्रथम अर्धे दाबा. फोकस झाल्याची खूण दिसली, की ते पूर्ण दाबा. मग शांतपणे जा, काठी बाजूला ठेवा आणि तिच्या जागी उभे राहा. दोन-चार बोटे पुढेमागे झाले तरी बिघडत नाही. लहान छिद्राचा येथे लाभच होतो. मोठ्या कॅमेऱ्यात एवढीशी चूकही चेहरा धूसर करून टाकते. ज्याला आपण कॅमेऱ्याचे दारिद्र्य म्हणत होतो, तेच असे उपयोगी पडते. चेहरा ओळखून त्यावरच फोकस धरण्याची सोय तुमच्या कॅमेऱ्यात असल्यास काठीवाचूनही चालेल. तरीही एकदा काठीने करून पाहा, म्हणजे कॅमेरा काय करतो ते नीट कळेल.

पहिले चित्र बिघडेल, दुसऱ्यात डोळे मिटलेले असतील, तिसऱ्यात डोके कापले जाईल. दर वेळी एकच गोष्ट बदला आणि काय फरक पडला तो वहीत टिपा. मात्र मागचा देखावा दूर मिळावा म्हणून गच्चीच्या कठड्यावर, धबधब्याच्या काठावर किंवा रेल्वेच्या रुळांवर कधीही उभे राहू नका. अशा ठिकाणी छायाचित्र काढण्याच्या नादात अनेकांनी प्राण गमावले आहेत. शाळेचे मैदान ह्या कामाला पुरेसे आहे.

'मोबाइलवर तर हे एका स्पर्शाने होते, मग एवढी खटपट कशाला?' असे कोणी विचारील. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे छिद्रही लहानच असते. त्यामुळे तेथे बहुतेक धूसरता भिंगाने येत नाही. यंत्र कोणती वस्तू किती दूर असावी याचा अंदाज बांधते आणि मागचा भाग गणिताने पुसट करते. हा अंदाज पुष्कळदा बरोबर ठरतो. पण कधी चष्म्याची काडी, कधी भुरभुरणारे केस, कधी वेणीतले फूल मागच्याबरोबर पुसले जाते. भिंगाची धूसरता अंतराप्रमाणे हळूहळू वाढत जाते. तिला अंदाज करावा लागत नाही. हा फरक ज्याला कळतो, तो मोबाइलही अधिक चांगला वापरू शकतो.

आता अखेरची गोष्ट. मागचे धूसर करता येऊ लागले, म्हणजे प्रत्येक वेळी ते करावेच असे नाही. पार्श्वभूमी कशासाठी पुसायची, हा प्रश्न बटण दाबण्यापूर्वी स्वतःला विचारावा. गर्दी आहे, फलक आहेत, नजर विचलित होते, म्हणून पुसली तर ते योग्यच. परंतु आपल्या घराच्या भिंतीचा रंग उडालेला आहे, छप्पर पत्र्याचे आहे, आई मागे भाकऱ्या थापीत आहे, हे कोणाला दिसू नये म्हणून पुसली, तर आपण आपल्याच चित्रातून काही मोलाचे काढून टाकले असे होईल. कुंभाराच्या मुलीच्या मागे तिच्या वडिलांचे चाक स्पष्ट दिसले, तर ती कोण हे न सांगता कळते. आजोबांच्या दुकानात बसून काढलेल्या चित्रात मागच्या बरण्या स्पष्ट असल्या, तर पन्नास वर्षांनी त्या चित्राचे मोल वाढेल. अशा वेळी झूम आवरते घ्यावे, पाठीमागच्या वस्तूंच्या जवळ सरकावे, त्यांना आपल्याबरोबर उभे करावे. लहान कॅमेऱ्याला हे तर फारच उत्तम साधते.

काय पुढे ठेवावे आणि काय मागे सारावे, हे भिंगाला ठाऊक नसते. ते कॅमेऱ्यामागच्या माणसाने ठरवावयाचे असते. स्वतःच्या छायाचित्रात तो माणूसही आपणच असतो. म्हणून आधी अंतर मोजावे, प्रकाश पाहावा, मागे वळून एकदा नीट न्याहाळावे, आणि मगच बटण दाबावे.

स्वाध्याय

१. एका-दोन वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) फोकस करणे म्हणजे काय?
(आ) टाचणीच्या भोकातून पाहिल्यास मागचे झाड अधिक स्पष्ट का दिसते?
(इ) रॉबर्ट कॉर्नेलियस याने आपले छायाचित्र कोणत्या वर्षी व कोठे काढले?

२. कारणे द्या :
(अ) डिजिटल झूम बंद ठेवावे.
(आ) हात लांब करून काढलेल्या छायाचित्रात नाक मोठे दिसते.
(इ) सेल्फ-टायमर लावताना काठीला वर्तमानपत्राची घडी बांधावी.

३. गणित करून पाहा : कॅमेऱ्याचे छिद्र ३.४ मिलिमीटर असून तो चेहऱ्यापासून १६० सेंटिमीटरांवर आहे. चेहऱ्याच्या मागे १६० सेंटिमीटरांवर कुंपण आहे. कुंपणावरील एका बिंदूचा ठिपका किती मोठा होईल?

४. 'पार्श्वभूमी कशासाठी पुसायची, हा प्रश्न बटण दाबण्यापूर्वी स्वतःला विचारावा.' असे लेखकाने का म्हटले आहे? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : फसगत होणे, तसूभर, विचलित होणे, आवरते घेणे.

६. उपक्रम : एकाच जागी उभे राहून स्वतःची दोन छायाचित्रे काढा. एकात पार्श्वभूमी धूसर व दुसऱ्यात स्पष्ट ठेवा. दोहोंपैकी कोणते अधिक आवडले व का, ते वर्गात सांगा.